कॉलेजचा रनिंग बॅक एनएफएलमध्ये गेल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रं अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींची आहेत. शनिवारी विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये ज्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडलो, तो दोन वर्षांनी एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, रविवारच्या सामन्यात बाकावर का बसलेला दिसतो, हे त्यांना कोडं वाटतं. पहिले तीन प्रश्न खेळ नव्यानं बघणाऱ्यांसाठी आहेत. जाणकारांनी थेट चौथ्यापासून वाचावं.

१. रनिंग बॅक म्हणजे नक्की कोण? त्याचं काम फक्त धावायचं असतं का?

क्वार्टरबॅक खेळी सुरू करतो. तो चेंडू लांब फेकतो, नाहीतर शेजारून झेपावणाऱ्या गड्याच्या पोटाशी सरकवतो. तो चेंडू छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. ते समोरच्यांना रेटून फट पाडतात आणि रनिंग बॅक त्या फटीतून निघतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. एक यार्ड मीटरहून थोडा कमी. दर धावेमागे सरासरी चार यार्ड म्हणजे ठीक, पाच म्हणजे फार चांगलं.

हंगामात हजार यार्ड हा जुना मानदंड अजून सगळे सांगतात. पण २०२१ पासून एनएफएलचा नियमित हंगाम १७ सामन्यांचा झाला आहे, म्हणजे सामन्यामागे ५९ यार्ड काढले तरी हजार होतात. आकडा जुना असला तरी त्याचं वजन आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

धावण्याखेरीज आणखी दोन कामं असतात: पास झेलणं आणि क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अडवणं. ही दोन कामं पुढे किती महत्त्वाची ठरतात ते प्रश्न ७ मध्ये आहे.

२. कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखंच ना?

नाव तेवढं सारखं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात आणि ते भरतंही. सर्वांत वरच्या गटात १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ खेळतात, तर एनएफएलमध्ये संघ फक्त ३२. म्हणजे विद्यापीठांतल्या हजारो खेळाडूंमधून मूठभरच पुढे जातात.

नियमांतले दोन फरक रनिंग बॅकसाठी मोलाचे आहेत. मैदानावर प्रत्येक खेळी जिथून सुरू होते त्या खुणांच्या दोन रांगा कॉलेजात ४० फूट अंतरावर असतात, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा फुटांवर. त्यामुळे कॉलेजात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान पडतं आणि वेगवान पोरगा कडेकडेनं सुसाट सुटतो. एनएफएलमध्ये चेंडू बहुतेक वेळा मधोमध असतो आणि ते रान मिळत नाही. दुसरा फरक असा की कॉलेजात चेंडूवाल्याचा गुडघा जमिनीला टेकला की खेळी संपते, कुणी हात लावलेला नसला तरी. एनएफएलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला नसेल तर पडलेला गडी उठून पुन्हा धावू शकतो.

३. कॉलेजमधून एनएफएलमध्ये जायचा रस्ता कोणता?

ड्राफ्ट. दर वसंतात सात फेऱ्या होतात आणि संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची पाळी पहिली. निवडलेल्या खेळाडूला संघ निवडायचा हक्क नसतो. ज्यांना कुणीच घेतलं नाही ते कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतात. हंगामासाठी संघात ५३ जण ठेवता येतात आणि त्यांत रनिंग बॅकच्या जागा सहसा तीन-चारच असतात. किती लवकर जाता येतं याची अट प्रश्न १३ मध्ये पाहा.

४. कॉलेजात यार्डांचा डोंगर रचणारा खेळाडू एनएफएलमध्ये अडखळतो कसा?

कारण ते यार्ड त्याच्या एकट्याचे कधीच नसतात. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांचं मूळ उत्तर हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मोठ्या विद्यापीठाची लाइन हंगामातल्या बऱ्याच सामन्यांत समोरच्यांपेक्षा वजनानं, उंचीनं आणि ताकदीनं वरचढ असते. फट इतकी रुंद पडते की रनिंग बॅकला पहिला धक्का बसेपर्यंत पाच-सहा यार्ड होऊन गेलेले असतात. एनएफएलमध्ये समोरचा प्रत्येक गडी आपापल्या विद्यापीठाचा सर्वोत्तम होता. फट पडते आणि लगेच मिटते. कॉलेजात बाहेरून वळसा घालून ज्याला सहज मागे टाकलं, त्याच्याच तोडीचे अकरा जण आता समोर उभे असतात.

अलाबामाचा ट्रेंट रिचर्डसन हे सर्वांत बोचरं उदाहरण. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंडनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. ताकद, वेग, बांधा, कशातच खोट काढायला जागा नव्हती. पण अलाबामात तो ज्या लाइनच्या मागून धावायचा, तिच्यातले चान्स वॉर्मॅक आणि डी. जे. फ्लूकर हे दोघं २०१३ च्या पहिल्या फेरीत लागोपाठ निवडले गेले, दहावा आणि अकरावा. अशा भिंतीमागून आलेल्या मुलाला फट दिसायची सवय असते. ती शोधायची वेळ फारशी आलेली नसते. पहिल्या हंगामात त्यानं ९५० यार्ड काढले, पण सरासरी तुटपुंजी. २०१३ च्या सप्टेंबरमध्येच क्लीव्हलंडनं त्याला इंडियानापोलिसला दिलं आणि बदल्यात पहिल्या फेरीची निवड मिळवली. एनएफएलमधली त्याची कारकीर्द तीन हंगामांत आटोपली, धावेमागे सरासरी ३.३ यार्ड.

लाइनचा वाटा किती असतो याचा उलटा पुरावा सक्वॉन बार्कली देतो. पेन स्टेटचा हा खेळाडू २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्सकडे गेला. २०२३ मध्ये त्यांच्या मोडकळीला आलेल्या लाइनमागे त्यानं धावेमागे ३.९ यार्ड काढले. पुढच्या वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सच्या बलदंड लाइनमागे ५.८, एकूण २,००५ यार्ड, आणि वर सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. माणूस तोच, पाय तेच, वयानं उलट एक वर्ष मोठा. जायंट्सकडे असताना ज्यांनी त्याला संपलेला ठरवलं होतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

५. हाइझमन ट्रॉफी मिळाली म्हणजे पुढचं यश नक्की, नाही का?

नाही. हाइझमन हा कॉलेजच्या एका हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा गौरव आहे. पुढच्या दहा वर्षांचं भाकीत करणं हे त्या ट्रॉफीचं कामच नव्हे.

ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन ही ट्रॉफी दोनदा जिंकणारा आजवरचा एकमेव खेळाडू, १९७४ आणि १९७५. सलग ३१ सामन्यांत त्यानं शंभराहून जास्त यार्ड काढले होते. सिनसिनाटीनं त्याला पहिल्या फेरीत घेतलं, तो सात हंगाम खेळला, पण हजार यार्डांचा हंगाम एकदाही आला नाही. मला त्याला अपयशी म्हणणं पटत नाही. त्याच्या बांध्याच्या माणसानं त्या काळच्या एनएफएलमध्ये सात वर्षं टिकणं हीच मोठी गोष्ट होती.

विस्कॉन्सिनचा रॉन डेन १९९९ चा विजेता. बोल सामने (हंगामाअखेरचे खास सामने) धरून त्याचे कॉलेजातले यार्ड ७,१२५. हा धिप्पाड खेळाडू कॉलेजात समोरच्यांना तुडवत जायचा. एनएफएलच्या बचावपटूंना मात्र त्याचं वजन पेलत होतं. त्यालाही हजारांचा हंगाम लाभला नाही. कोलोराडोचा रशान सलाम १९९४ चा विजेता. शिकागोत पहिल्याच वर्षी त्यानं १,०७४ यार्ड काढले, पण चेंडू हातून निसटायचा, पुढे दुखापती आल्या आणि गाडी तिथेच अडली.

दुसरीकडे ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स १९८८ मध्ये हाइझमन जिंकून डेट्रॉइटला गेला आणि दहाच्या दहा हंगामांत त्यानं हजार यार्ड ओलांडले. एकूण १५,२६९. अर्ल कॅम्पबेल, टोनी डॉर्सेट, मार्कस ॲलन हे सगळे हाइझमनवाले आणि सगळे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत. अलाबामाच्या डेरिक हेन्रीनं २०१५ ची ट्रॉफी घेतली तरी संघांनी त्याला दुसऱ्या फेरीपर्यंत, ४५ व्या क्रमांकापर्यंत ताटकळत ठेवलं. २०२० मध्ये त्यानं टेनेसीसाठी २,०२७ यार्ड काढून उत्तर दिलं.

६. रणजी गाजवणारा फलंदाज कसोटीत चालत नाही, तसाच हा प्रकार आहे का?

अर्धा तसा, अर्धा वेगळा. वरच्या पातळीवर गोलंदाजी जशी कठीण होते तसा बचाव कठीण होतो, इथवर साम्य आहे. पण फलंदाज क्रीझवर एकटा असतो, खेळपट्टी कशीही असली तरी बॅट त्याच्याच हातात. रनिंग बॅकला चेंडू मिळाल्यावर पुढच्या पाऊण सेकंदात जे घडतं ते दुसऱ्या पाच जणांच्या हातात असतं. म्हणून फलंदाजाची सरासरी जेवढी त्याची स्वतःची, तेवढे रनिंग बॅकचे यार्ड त्याचे नसतात.

७. मग कॉलेजचे सामने बघताना कशावर नजर ठेवायची?

एकूण यार्डांकडे पाठ फिरवा आणि तीन गोष्टी बघा.

पहिला धक्का बसल्यानंतर तो किती पुढे जातो? हे यार्ड बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचे असतात. फट ठरलेल्या जागी पडली नाही तर तो भांबावून लाइनच्या पाठीत घुसतो, की क्षणभर दम धरून दुसरी वाट काढतो, हेही त्यातच कळतं. पिट्सबर्गमध्ये लेव्हिऑन बेल लाइनमागे जवळपास उभा राहायचा आणि मग निसटायचा. तो दम धरणं बघण्यासारखं होतं.

दुसरं, तो पास झेलतो का? स्टॅनफर्डच्या क्रिश्चन मॅकॅफ्रीनं २०१५ मध्ये कॉलेजात धावणं, झेल आणि किक-परतावा (प्रतिस्पर्ध्यानं लाथाडलेला चेंडू घेऊन उलट धावणं) मिळून ३,८६४ यार्डांचा विक्रम केला. २०१९ मध्ये त्यानं कॅरोलायनासाठी १,३८७ यार्ड धावून आणि १,००५ यार्ड झेलून काढले. ज्याला झेल येतो तो प्रतिस्पर्ध्याला कोड्यात टाकतो, कारण त्याच्या मैदानावर असण्यावरून खेळी ओळखता येत नाही.

तिसरं, ज्याकडे प्रेक्षक कधीच बघत नाहीत ते: क्वार्टरबॅकचं रक्षण. एनएफएलचे बचाव सोंग आणण्यात पटाईत. पाच जण येणार असं दाखवतात, चारच येतात, त्यातला एक भलत्याच बाजूनं. रनिंग बॅकला एका श्वासात ओळखायचं असतं की आपला गडी कोणता, आणि त्याच्या छाताडावर जाऊन आदळायचं असतं. कॉलेजातल्या सुटसुटीत आक्रमणपद्धतींत हे काम त्याला फार कमी वेळा पडतं. नवख्या रनिंग बॅकला प्रशिक्षक तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) बाहेर बसवतात तेव्हा बहुधा हेच कारण असतं. कोट्यवधी डॉलरच्या क्वार्टरबॅकची हाडं कुणी नवख्याच्या भरवशावर सोडत नाही.

याला जोडून चेंडू सांभाळणं. हा दोष मात्र सुधारतो. जायंट्सच्या टिकी बार्बरच्या हातून चेंडू फार निसटायचा. २००४ पासून त्यानं तो उंच, छातीला घट्ट कवटाळून धरायची पद्धत अंगी बाणवली आणि त्याचे सर्वोत्तम हंगाम त्यानंतरचे आहेत.

८. ४० यार्डांच्या धावेचा एवढा गाजावाजा होतो. तिला अर्थ आहे का?

थोडा आहे. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला खेळाडूंची चाचणी होते, तिथे ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, सरळ रेषेत धावायला लावतात. २००८ मध्ये ईस्ट कॅरोलायनाच्या क्रिस जॉन्सननं ४.२४ सेकंदांची वेळ दिली आणि पुढच्याच वर्षी एनएफएलमध्ये २,००६ यार्ड काढले. २०१४ मध्ये केंट स्टेटच्या ड्री आर्चरनं ४.२६ दिली, पिट्सबर्गनं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि तो दोन हंगामांत विसरला गेला. फ्लोरिडाच्या एमिट स्मिथला ड्राफ्टआधी संथ म्हणून नावं ठेवली गेली. तो १७ व्या क्रमांकावर गेला आणि १८,३५५ यार्डांचा त्याचा सर्वकालीन विक्रम अजून उभा आहे. सामन्यात सलग ४० यार्ड मोकळे मिळतातच किती वेळा?

९. सहाव्या फेरीतले, किंवा कुणीच न निवडलेले खेळाडू मोठे होतात ते कसे?

इथे डेन्व्हरची गोष्ट सांगायलाच हवी. टेरेल डेव्हिस जॉर्जियाचा. कॉलेजात दुखापतींनी बेजार, तिथली आकडेवारी साधारण. १९९५ ला सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर डेन्व्हरनं उचलला. १९९८ ला २,००८ यार्ड, दोन सुपर बोल, आणि २०१७ ला हॉल ऑफ फेम.

१९९९ ला त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी आला, १,१५९ यार्ड. पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला माइक अँडरसन, १,४८७. मग २००२ ला दुसऱ्या फेरीतला क्लिंटन पोर्टिस, १,५०८. माणसं बदलत होती, यार्ड येत होते. त्यामागे प्रशिक्षक माइक शानाहान आणि लाइनचे गुरू ॲलेक्स गिब्स यांची पद्धत होती. लाइनचे पाचही जण एकाच दिशेला सरकत जायचे, बचाव ताणला जायचा, आणि रनिंग बॅकनं एकच कट मारून मागच्या बाजूनं उभं निघायचं. तिला शोभिवंत नागमोडी धावणारा नको असतो. ओळखणारा आणि एकदाच, पण ठाम वळणारा हवा असतो.

ही पद्धत शिष्यांबरोबर फिरली. शानाहानचा शिष्य गॅरी क्युबियॅक ह्यूस्टनला होता. २००९ ला कुणीच न निवडलेला टेनेसीचा एरियन फॉस्टर २०१० ला १,६१६ यार्डांसह सबंध लीगमध्ये पहिला आला. २०१२ ला स्वतः शानाहान वॉशिंग्टनला असताना सहाव्या फेरीतल्या आल्फ्रेड मॉरिसनं १,६१३ काढले. कोण निवडला याइतकंच तो कुठे जाऊन पडला हे निर्णायक असतं.

तरीही डेव्हिसचं मोठेपण मी पद्धतीच्या खात्यावर लिहिणार नाही. गॅरी आणि अँडरसन यांना तसा हंगाम एकेकदाच मिळाला. डेव्हिसनं चार वर्षं चढत्या क्रमानं खेळ केला.

१०. मग पहिल्या फेरीत रनिंग बॅक घेणं ही चूकच की!

बऱ्याच संघांचं तसं मत होतं. २०१३, २०१४, २०२२ आणि २०२४ च्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. पहिल्या क्रमांकावर गेलेला शेवटचा रनिंग बॅक म्हणजे १९९५ चा किजाना कार्टर. सराव सामन्यातच, अगदी पहिल्या काही धावांत, त्याचा गुडघा गेला आणि सिनसिनाटीला तो पूर्वीचा कार्टर कधी मिळालाच नाही. न्यू ऑर्लीन्सनं तर १९९९ ला टेक्ससचा रिकी विल्यम्स मिळवण्यासाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या दोन देऊन टाकल्या. तो सर्वाधिक यार्डांचा मानकरी झाला तो २००२ ला, मायामीसाठी खेळताना.

पण वारं फिरलं आहे. २०२३ ला बिजान रॉबिन्सन आठवा आणि जमीर गिब्ज बारावा गेला. २०२५ ला बॉयझी स्टेटचा ॲश्टन जेंटी सहावा. माझं मत विचाराल तर आधी लाइन उभी करावी, मग उंची रनिंग बॅक आणावा. बार्कलीचं उदाहरण (प्रश्न ४) दोन्ही बाजूंनी हेच सांगतं.

११. इतके मोठे खेळाडू, तरी पैशांसाठी भांडताना का दिसतात?

कारण त्यांची सर्वोत्तम वर्षं स्वस्तात विकली जातात. ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेली. तीन हंगाम होईपर्यंत करार पुन्हा करताही येत नाही. पहिल्या फेरीतल्यासाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय असतो. त्यानंतर संघ ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून आणखी एक वर्ष अडवू शकतो. २०२३ ला रनिंग बॅकचा टॅग सुमारे १ कोटी १ लाख डॉलरचा होता. ऐकायला डोळे फिरवणारी रक्कम, पण दीर्घ कराराची हमी त्यात नसते.

बावीसाव्या वर्षी आलेला खेळाडू सत्तावीसाव्या वर्षी मोकळा होतो, आणि तेव्हा त्याला सांगितलं जातं की तू आता झिजलास. झिजवलं कुणी? जॉश जेकब्स २०२२ ला १,६५३ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला आणि बक्षीस म्हणून त्याला टॅग लागला. २०२३ च्या जुलैमध्ये ऑस्टिन एकलरनं पुढाकार घेऊन रनिंग बॅकांची ऑनलाइन बैठक बोलावली होती ती याच खदखदीतून. बेलनं २०१८ चा सबंध हंगाम निषेध म्हणून सोडला; पुढे न्यूयॉर्क जेट्सकडून त्याला मोठा करार मिळाला, पण जुना खेळ परत आला नाही.

बार्कलीला मार्च २०२५ मध्ये वर्षाला २ कोटी डॉलरहून जास्त मिळवणारा पहिला रनिंग बॅक होता आलं. याचा मला मनापासून आनंद झाला, पण ते त्याला सातव्या हंगामानंतर मिळालं.

१२. कॉलेजात जास्त धावणारा लवकर झिजतो, हे खरं का?

सरसकट खरं नाही. हेन्रीनं कॉलेजच्या शेवटच्या हंगामात ३९५ वेळा चेंडू नेला होता. तरी २०२४ ला, तिशी गाठल्यावर, बाल्टिमोरसाठी त्यानं १,९२१ यार्ड काढले. तो मुळात अपवादात्मक बांध्याचा. उलट टॉड गर्ली पाहा: कॉलेजात गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तरी २०१५ ला दहावा गेला, २०१७ ला आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१८ ला घसघशीत करार झाला, २०२० च्या मार्चमध्ये संघानं सोडला आणि त्याच वर्षी सव्विसाव्या वर्षी शेवटचा हंगाम खेळला. धावांच्या संख्येपेक्षा कोणत्या सांध्यावर काय बेतलं हे जास्त बोलतं.

गुडघा एकदा गेला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. मायामी विद्यापीठाच्या फ्रँक गोरचे कॉलेजातच दोन्ही गुडघे फाटले, तो २००५ ला तिसऱ्या फेरीत घसरला, आणि निवृत्त झाला तेव्हा खात्यावर बरोबर १६,००० यार्ड होते. त्याच विद्यापीठाच्या विलिस मॅगाहीचा गुडघा जानेवारी २००३ च्या अंतिम सामन्यात भयानक मोडला. बफेलोनं तरीही पहिल्या फेरीत घेतला, वर्षभर थांबले, आणि २००४ ला त्यानं १,१२८ यार्ड काढले.

१३. कॉलेज अर्धवट सोडून लवकर जाता येतं का?

शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय नाही. मॉरिस क्लॅरेटनं याला आव्हान दिलं होतं. २००२ च्या हंगामात ओहायो स्टेटला पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा मुलगा कोर्टात गेला, खालच्या न्यायालयात जिंकला, वरच्या न्यायालयात हरला. तो निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. दोन वर्षं खेळाविना गेली. २००५ ला डेन्व्हरनं तिसऱ्या फेरीत घेतलं, पण नियमित हंगामातला एकही सामना तो खेळला नाही.

शरीर पक्व होईपर्यंत थांबवतो, असं लीग म्हणते. क्वार्टरबॅकबद्दल मी ते मान्य करेन. रनिंग बॅकबद्दल नाही. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरनं २०१० ला पहिल्याच वर्षी १,१९७ यार्ड काढले. २०११ ला एक गुडघा गेला, २०१२ ला दुसरा, आणि तो इतका की बघवत नव्हतं. २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोनं चौथ्या फेरीत घेतलं. तो एकही सामना न खेळता २०१४ ला निवृत्त झाला. थांबायला लावलेल्या त्या वर्षांचं मोल त्याला कुणी दिलं?

१४. आता कॉलेजातही पैसे मिळतात म्हणे. त्यानं काही बदललं?

बरंच. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर कमावता येतं, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट उत्पन्नातला वाटाही देऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीची शक्यता असलेला मुलगा आता आणखी एक वर्ष कॉलेजात थांबण्याचा विचार करू शकतो. विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. क्विन्शॉन जडकिन्स मिसिसिपीहून ओहायो स्टेटला आला, तिथे ट्रेव्हियन हेंडरसनबरोबर काम वाटून घेतलं, दोघांनी विजेतेपद जिंकलं आणि २०२५ ला ३६ वा आणि ३८ वा असे दोघंही दुसऱ्या फेरीत गेले. कमी धावून जास्त ताजं राहायचं हा हिशेब आता खेळाडूही करू लागले आहेत.

१५. शेवटचा बोल सामना न खेळता ड्राफ्टची तयारी करणं हा संघद्रोह नाही का?

नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मॅकॅफ्री आणि लेनर्ड फूर्नेट यांनी बोल सामने सोडले तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पुढच्या एप्रिलमध्ये ते आठवा आणि चौथा गेले. मॅगाहीचं उदाहरण (प्रश्न १२) डोळ्यांसमोर असताना त्यांना दोष देणं मला जमणार नाही.

१६. बॅरी सँडर्सचा कॉलेजच्या एका हंगामातल्या यार्डांचा विक्रम जेंटीनं मोडला की नाही? दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

मोडला नाही. सँडर्स १९८८ ला ११ सामन्यांत २,६२८. जेंटी २०२४ ला १४ सामन्यांत २,६०१. २७ यार्ड कमी पडले. गोंधळ होतो कारण २००२ पासून बोल सामन्यांचे यार्ड अधिकृत धरले जातात, आधी धरत नसत. सँडर्सनं बोल सामन्यात आणखी २२२ काढले होते, ते मिळवले तर त्याचे २,८५० होतात.

याच कारणानं कारकिर्दीचा विक्रम कागदावर रॉन डेनकडे नाही. २०१६ ला सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री ६,४०५ यार्डांवर पोचला. डेनचे बोलविना ६,३९७. बोल धरले तर डेन कितीतरी पुढे (प्रश्न ५). पम्फ्री फिलाडेल्फियाकडे चौथ्या फेरीत गेला, पण एनएफएलच्या नियमित हंगामात उतरू शकला नाही.

क्वार्टरबॅकची तुलना करताना आणखी एक लक्षात ठेवा: कॉलेजात क्वार्टरबॅकला मागे पाडलं तर ते यार्ड संघाच्या धावांतून वजा होतात, एनएफएलमध्ये पासच्या खात्यातून.

१७. छोट्या कॉलेजातून आलेल्यांना संधी मिळते का?

मिळते, फक्त दार बहुधा उशिरा उघडतं. वॉल्टर पेटन जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठातून आला, १९७५ ला चौथा निवडला गेला आणि १६,७२६ यार्डांवर थांबला. एकलर कोलोराडोतल्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजातून, न निवडलेला; २०२१ आणि २०२२ असे दोन हंगाम टचडाउनांत (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवण्यात) लीगच्या माथ्यावर होता. त्याचं बलस्थान झेल, जे प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

१८. एनएफएलमध्ये जमलं नाही तर दुसरीकडे खेळता येतं का? ते यार्ड धरले जातात का?

खेळता येतं. आयोवा स्टेटच्या ट्रॉय डेव्हिसनं १९९५ आणि १९९६ असे लागोपाठ दोन हंगाम दोन हजार यार्ड काढले, असं करणारा तो पहिला. न्यू ऑर्लीन्समध्ये जम बसला नाही. कॅनडाच्या लीगमध्ये मात्र तो चांगला खेळला. तिथे मैदान रुंद, प्रयत्न तीनच, खेळ वेगळा.

हर्शल वॉकरचा मामला अवघड आहे. जॉर्जियाचा हा १९८२ चा हाइझमन विजेता तीन वर्षांतच कॉलेज सोडून गेला. तेव्हा एनएफएल अशांना घेत नसे, म्हणून तो नव्या यूएसएफएल लीगमध्ये न्यू जर्सीकडे गेला आणि १९८५ ला त्यानं २,४११ यार्ड काढले. ती लीग बंद पडल्यावर तो डॅलसला आला. एनएफएल यूएसएफएलचे आकडे धरत नाही, त्यामुळे तिथल्या नोंदीत त्याचे ८,२२५ यार्ड दिसतात आणि त्याची सर्वांत ताज्या दमाची तीन वर्षं त्यात येतच नाहीत. त्याची एमिट स्मिथशी किंवा पेटनशी तुलना करणाऱ्यांनी आधी हे तपासावं.